कांडेसर व खवले मांजर : एक तुलना

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. दक्षिणेकडे बालाघाटचे खडकाळ माळ पसरले आहेत. पाणथळ आणि माळ या दोन्ही भूमींचे रक्षण शेतकऱ्याच्या हाती असते. कांडेसर व खवले मांजर या दोन प्राण्यांची तुलना केल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल.

कांडेसर हा करकोच्याच्या जातीचा, सुमारे तीन फूट उंचीचा पक्षी होय. अंग काळे, मान लोकरीसारखी पांढरी व पाय तांबूस असतात. तो दिवसा उथळ पाण्यात व ओल्या शेतात हिंडून बेडूक, खेकडे, मासे व मोठे किडे टिपतो. खवले मांजर रात्री बाहेर पडते. त्यास दात नसतात. बळकट नखांनी वारूळ उकरून लांब, चिकट जिभेने ते मुंग्या व वाळवी खाते. उसाचे बेणे व भुईमूग यांचा नाश करणारी वाळवी हेच त्याचे अन्न असल्याने ते शेतकऱ्याचे मित्र ठरते.

संकटसमयी कांडेसर उडून जातो. खवले मांजर मात्र अंगाचे वेटोळे करून निश्चल पडते. या कवचापुढे बिबट्याचेही सहसा काही चालत नाही. परंतु माणूस तेच वेटोळे सहज उचलून पोत्यात घालतो. निसर्गाने दिलेले संरक्षणच येथे घातक ठरते. त्यातच मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. खवले नखांप्रमाणेच केराटिनचे असतात. त्यांत औषधी गुण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

कांडेसराची मादी दोन ते पाच अंडी घालते. तथापि घरट्यास उंच वृक्ष व चरण्यास पाणथळ जागा नसेल, तर ती व्यर्थ होत. हरियाणात कालव्यांच्या व शेतांच्या काठी राखलेल्या झाडांवर त्याची घरटी आढळली आहेत.

यास्तव ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. ओढ्याकाठचे व बांधावरचे जुने वृक्ष तोडू नयेत. गावतळी बुजवू नयेत.

२. माळावरील वारुळे व बिळे विनाकारण खणू नयेत.

३. खवले मांजर दिसल्यास त्यास न पकडता वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे.