टायर टणक नको

प्रश्न : वय 42. पहिल्यांदाच क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यतीत उतरतोय. टायरमध्ये हवा जितकी जास्त, तितकी सायकल वेगात पळते ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गुळगुळीत डांबरावर तसं जाणवतं खरं, पण खडकाळ वाटेवर उलटं होतं. टणक टायर दगडादगडावर उडतो, पकड सुटते आणि वेग तिथेच मरतो. वजन 70 किलोच्या आसपास आणि टायर 2.2 इंची ट्यूबलेस असेल, तर पुढे 20, मागे 22 पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर हवा थोडी जास्तच ठेवा. ट्यूब दगड आणि रिमच्या कचाट्यात सापडली, की तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. शर्यतीआधी त्याच मार्गावर फेरी मारा. रिम दगडाला ‘टक्’ करून लागली, तर दोन पीएसआय वाढवा. आणि पहिली शर्यत म्हणून घाबरू नका. अवघड उतार सायकल हातात धरून पायी उतरलात तरी चालतं, शर्यतीत बिनधास्त उतरा.