कालव्याकाठची निवांत चाल : ब्रॅडफर्ड ते ॲव्हनक्लिफ

इंग्लंडात बाथला गेलात तर एक दुपार राखून ठेवा. केनेट अँड ॲव्हन कालव्याच्या काठाने सुमारे अडीच किलोमीटर चालायचं, तेही सपाटीवर. पाऊण तासात उरकेल. पण उरकायचं नाहीच मुळी. तीन तास धरा. पायात चिखल चालेल असे बूट, गळ्यात दुर्बीण, पिशवीत पाणी आणि खाऊचा डबा एवढी तयारी पुरे.

१. निघण्याआधी ॲव्हनक्लिफहून परतीच्या गाड्यांच्या वेळा टिपून घ्या. तिथे गाड्या मोजक्याच थांबतात. एक चुकली की फलाटावर ताटकळणं आलं.

२. बाथ स्पा स्टेशनवरून ब्रॅडफर्ड-ऑन-ॲव्हनची गाडी पकडा. पंधरा मिनिटांत पोचाल. ब्रिस्टलच्या गाडीत मात्र चढू नका, ती उलट दिशेला जाते.

३. फ्रोम रोडने दक्षिणेकडे कालव्यापर्यंत चाला. नदीवरचा जुना दगडी पूल लागला तर चुकलात, मागे फिरा.

४. लॉकपाशी थांबून एक बोट पार होताना पाहा. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. बोट आत आली की दरवाजे लागतात, पाणी भरतं किंवा उतरतं आणि अख्खी बोट माणसांसकट वर-खाली होते. दरवाजा ढकलायच्या लांब दांड्याच्या वाटेत उभे राहू नका, तो भलताच जड असतो.

५. आता पश्चिमेला, बाथच्या दिशेने वाटेला लागा. कालवा डाव्या हाताला, नदीचं खोरं उजवीकडे खाली. पाटीवर डिव्हायझेस दिसलं तर तोंड फिरवा.

६. सायकलची घंटी ऐकू आली की कडेला होऊन थांबा. पहिला हक्क चालणाऱ्याचाच, पण दचकून पाण्याच्या बाजूला उडी मारू नका.

७. काठच्या गवताशी पाण्यावरचे काळे पक्षी न्याहाळा. कपाळावर पांढरा टिळा असेल तर तो वारकरी. लाल चोचीला पिवळं टोक असेल तर पाणकोंबडी. दोघेही आपल्याकडच्या तळ्यांवरचेच, ओळख जुनी निघेल. जवळ सरकू नका, गवतात शिरले की गेलेच.

८. झाडं पाण्यावर ओणवी झाली असतील तिथे दोन मिनिटं गप्प उभे राहा. खंड्या आधी ऐकू येतो, बारीक धारदार शीळ घालत. मग पाण्यालगत निळी रेघ सरळ ओढल्यासारखी जाते. दुर्बीण शोधत बसलात तर हुकलीच. नुसत्या डोळ्यांनी बघा. राखी बगळ्याची एवढी घाई नसते, तो पुतळा होऊन उभा असतो.

९. हंसाची जोडी पिल्लं घेऊन दिसली तर लांबून वळसा घाला. मान खाली घालून फिस्कारला की समजा, तुम्ही आधीच फार जवळ आहात.

१०. मागून बोट आली की तिच्या जोडीने चाला. वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर; काठाला बांधलेल्या बोटी लागल्या की त्याहूनही हळू. छपरावरचा संसार बघण्यासारखा असतो: कोळशाची पोती, सायकल, फुलझाडांच्या कुंड्या, सौर तक्ते. मात्र बांधलेल्या बोटीच्या खिडकीतून डोकावू नका. ते कुणाचं तरी घर आहे.

११. ॲव्हनक्लिफच्या जलसेतूवर कठड्याशी उभे राहून गाडीची वाट बघा. इथे कालवा झटकन वळतो आणि पुलावरून नदी ओलांडतो. वर बोट, खाली रेल्वे, दोन्ही एकाच वेळी गाठता आली तर दुपार वसूल! मुलांना कठड्यावर बसवू नका.

१२. पायवाटेने खाली उतरून मधली कमान पाहा. चक्क खाली बाक आलाय तिला. घाबरू नका, बोटी रोज तिच्यावरून जातात. पायाखालचे दगड मात्र ओले असतात.

१३. पलीकडच्या स्टेशनात फलाटाची पाटी वाचून बाथच्या बाजूला उभे राहा.

१४. गाडी दिसताच एसटीला दाखवता तसा ठळक हात दाखवा. हा विनंती थांबा आहे. मोबाइलमध्ये मान घालून बसलात तर ड्रायव्हर सरळ पुढे नेईल. फलाट आखूड, सगळे दरवाजे उघडत नाहीत. गार्ड ज्या दारातून डोकावेल तिकडे चला.