मासा कशाला फसतो? – गळ, पीस आणि चमचा



जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की माझ्या वर्गाची हजेरी घसरते. कारण विचारावं लागत नाही. पोशीर परिसरात वलगण सुरू झालेली असते. नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात, थेट भाताच्या खाचरांपर्यंत येतात. मग घरातली मोठी माणसं आणि पोरं, सगळीच पाण्यात.

असाच चौथीतला एक मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी जरा रागातच विचारलं, "काय धरलंस एवढं?" वाचनाच्या तासाला मान खाली घालणारा तो मुलगा लगेच म्हणाला, "शिंगट्या, बाई. गांडूळ लावलं. गढूळ पाण्यात त्यांना दिसत नाय, पण वास लागतो."

मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. परिसर अभ्यासाचा त्या दिवसाचा पाठ तोच झाला.

1) वास आणि चव
पावसाळ्यात आपल्या नद्यांचं पाणी मातीने लाल होतं. अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी. शिंगटीच्या तोंडाभोवती मिशा असतात, त्या मिशांना चव कळते. म्हणून गळाला गांडूळ. आपल्या लोकांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पाण्यात उभं राहून शिकलेलं आहे.

2) नजर
पाणी काचेसारखं स्वच्छ असेल तर? तिथे दुसरीच युक्ती चालते. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. साधारण 10 ते 18 अंश सेल्सिअसचं वाहतं पाणी त्याला मानवतं. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, हे इथे मुलांना जरूर सांगावं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नदीचे डोह तापतात, त्यामुळे ट्राउट इथे जगणार नाही. काश्मीरमध्ये मात्र 1900 साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून तो वाढवला गेला. इंग्रजांच्या काळातच तो निलगिरीतही नेला गेला.

ट्राउट पाण्यावर आलेले किडे बघून टिपतो. म्हणून त्याच्या गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा बनवतात. त्याला 'फ्लाय' म्हणतात. सुमारे 1800 वर्षांपूर्वी एलिअन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या लोकांची अशी पद्धत लिहून ठेवली आहे. गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याची दोन पिसं लावायची!

मुलांनी लगेच शंका काढली, "बाई, पीस लांब फेकणार कसं? ते तर उडून जाईल." बरोबर आहे. म्हणून तिथे दोरीच जाड आणि वजनदार असते. काठीच्या झटक्याने दोरी हवेत उलगडत जाते आणि तिच्यामागून पीस अलगद पाण्यावर उतरतं. गोफणीत दगडाचं वजन कामाला येतं, इथे दोरीचं.

3) चमक आणि थरथर
तिसरी युक्ती 'लुअर'ची. म्हणजे धातूचा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. पाण्यातून ओढला की तो डुलतो, चमकतो आणि पाणी थरथरवतं. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, तिने त्याला ही थरथर जाणवते. लहान मासे खाणारे मासे याला फसतात. आपल्या सह्याद्रीतला महाशीरही चमच्यासारख्या चकतीवर झडप घालतो.

वर्गात करायची कृती
खराट्याची काडी, दोरा आणि कोंबड्याचं पीस घेऊन मुलांना किडा बनवू द्या. बादलीत टाकून तो तरंगतो का ते बघा. मग चहाचा चमचा दोऱ्याला बांधून पाण्यातून ओढा. तो सरळ येत नाही, डुलतो. खरा गळ वर्गात आणू नका. थंडीत पाणी ओसरल्यावर, पालकांना सोबत घेऊन, काठावरचे दगड उलटून त्याखालचे किडे पाहता येतील. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात हे बघून मुलं थक्क होतात. पावसाळ्यात मुलांना नदीवर अजिबात नेऊ नये.

न सुटलेला प्रश्न
त्या दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, वलगणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात ना? मग पुढच्या वर्षी मासे कुठून येणार?"

मी सांगितलं, समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. काश्मीरमध्ये ट्राउट धरायला परवाना लागतो. आपल्याच जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महाशीर देवीचे म्हणून कुणी धरत नाही. लोणावळ्याला वळवण इथे टाटा पॉवर 1970 च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार करत आहे. शहरातून हौसेने गळ टाकायला येणारे बरेच जण मासा धरून पुन्हा सोडून देतात.

तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "सोडून दिला तर रात्री खायचं काय?"

वर्ग शांत झाला. मीही. त्याच्या घरी ते दोन दिवस मासे म्हणजे हौस नव्हती, कालवण होतं. "मासे धरू नका" हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं नाही. मुलांनी आपसात बोलून एवढंच ठरवलं: पोट फुगलेली मासळी दिसली तर दोनातली एक सोडायची, आणि पाण्यात औषध टाकून किंवा करंट लावून मासे मारणाऱ्यांबद्दल घरी सांगायचं. हे किती पाळलं जाईल, माहीत नाही. पण नियम त्यांचा आहे.

हजेरीपटावर त्या मुलाचे ते दोन दिवस गैरहजरच आहेत, ते बदलता येत नाहीत. पण पुढच्या आठवड्यात त्याने 'मी मासे कसे धरतो' यावर वहीत पाच ओळी लिहिल्या. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. मी आधी त्या ओळी वाचल्या, लाल पेन नंतर उचलला.

पालकांनो, मूल नदीवरून आलं की ओरडण्याआधी एकदा विचारा, "आज काय पाहिलंस?"