मनाला खटकतं तेव्हा



बँकेत कॅशवर बसलेल्या कुणालाही विचारा. बंडल मोजताना खोटी नोट आली की डोळ्याच्या आधी बोट थांबतं. का थांबलं, ते मागाहून शोधायचं. बरं-वाईट ठरवतानाही तसंच होतं. आधी मनाला खटकतं, कारण नंतर सापडतं. मग ह्या खटकण्याला प्रमाण मानावं का?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची चार लक्षणं दिली आहेत. वेद, स्मृती, सदाचार, आणि चौथं आपल्या मनाला जे भावेल ते. हे चौथं मला फार सोयीचं वाटायचं! मग लोकमान्यांच्या गीतारहस्याचं सहावं प्रकरण वाचलं. मनात सदसद्विवेकाची स्वतंत्र देवता आहे आणि ती तत्काळ निवाडा देते, ह्या मताला ते आधिदैवत पक्ष म्हणतात आणि तो खोडून काढतात. अशी देवता असती, तर चोराचा आणि साधूचा कौल एकच आला असता. बुद्धी एकच असते; ती शुद्ध असेल तरच तिचा कौल धरायचा.

माझंच सांगतो. एक आजी मुलाबरोबर मुदतठेव मोडायला आल्या. अंगठा, साक्षीदार, पावती, सगळं चोख. पण प्रत्येक उत्तर मुलगाच देत होता. मला खटकलं, तरी कागद पुढे सरकवले. सहा महिन्यांनी आजी एकट्या आल्या, 'माझे पैसे आहेत ना?' विचारायला. खात्यात काही उरलं नव्हतं.

पुढे एकदा मळक्या धोतरातले एक गृहस्थ बरीच रोकड भरायला आले. तेव्हाही खटकलं. तासभर बसवून ठेवलं त्यांना. बैलजोडी विकून आणलेले पैसे होते. एकही नोट खोटी निघाली नाही.

आतून दोन्ही वेळा अगदी सारखंच वाटलं होतं. पण पहिल्या वेळी मी आजींकडे पाहिलं होतं, दुसऱ्या वेळी नुसत्या धोतराकडे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. ते त्याने स्वतःच्या बुद्धीने निवडलेले. मधमाशीकडून तो थोडं थोडं घेणं शिकला, आणि साठवलेलं कसं लुटलं जातं हेही तिच्याकडूनच. एकदा पाहून थांबला नाही.

हल्ली मी देवळात ज्येष्ठांचे बँकेचे फॉर्म भरून देतो. सोबत कुणी असेल तर त्याला चहा प्यायला पाठवतो. मग विचारतो, "आजी, पैसे कशाला हवेत?"