फरशी धुण्याचे मशीन : हात लावण्यापूर्वी शिकून घ्या

आपल्या वस्तीतल्या किती घरांतून रोज कोणी ना कोणी हाऊसकीपिंगच्या कामाला जाते, हे वेगळे सांगायला नको. मॉल, खासगी रुग्णालये, मेट्रोची स्थानके, आय.टी. पार्क अशा ठिकाणी पूर्वी बादली आणि पोछा घेऊन आपल्या ताया आणि दादा फरशी पुसत असत. आता अनेकांच्या हाती मशीन आले आहे. मागून चालत न्यायचे, खाली ब्रश फिरतो, मागची रबरी पट्टी पाणी ओढून घेते. कामावर सगळे त्याला नुसते ‘स्क्रबर’ म्हणतात. पूर्ण नाव स्क्रबर ड्रायर, म्हणजे घासणारे आणि सुकवणारे.

मशीनमुळे वाकणे कमी झाले, पोछा पिळणे कमी झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वस्तीत आरोग्याचे काम करताना आम्हाला एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते : “सुपरवायझरने बटण दाखवले आणि तो गेला.” बटण दाखवणे म्हणजे शिकवणे नव्हे. फिरणारा ब्रश डोळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याच्याजवळ माणूस जपून राहतो. पाणी भरणे, केमिकल मिसळणे, चार्जिंगला लावणे, घाण पाणी काढणे ही कामे मात्र साधी वाटतात आणि तिथेच लक्ष सुटते. म्हणून या अंकात आम्ही मशीन तयार करण्यापासून ते ठेवून देण्यापर्यंतचा क्रम सांगत आहोत. घरातले जे कोणी या कामाला जाते, त्याला हा पाठ वाचून दाखवा.

मशीनची ओळख

मशीनमध्ये दोन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी आणि केमिकल, दुसरीत फरशीवरून ओढलेले घाण पाणी. खाली ब्रश किंवा गोल पॅड असतो. मागे रबरी पट्ट्यांची स्क्विजी असते. ती पाणी गोळा करते आणि आतली मोटर हवेच्या जोराने ते पाणी पाइपातून घाण टाकीत खेचते. घाण टाकी भरली की आतला तरंगता फ्लोट वर येतो आणि खेचणे बंद पाडतो. हँडलला एक दांडी किंवा बटण असते. ते दाबून धरले तरच ब्रश फिरतो, हात सोडला की थांबतो. हे आपल्या सुरक्षेसाठी आहे. त्याला दोरी किंवा टेप बांधून ‘हात मोकळा’ करू नका आणि कोणी सांगितले तरी तसे मशीन चालवू नका.

काही मशीन बॅटरीवर चालतात, काही वायरीवर. दोन्हींचे धोके वेगळे आहेत. आपल्या हातातले कोणते आहे, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

अंगावर काय असावे

पायात बंद, न घसरणारे रबरी तळाचे बूट हवेत. चप्पल नको. साडी असेल तर पदर घट्ट खोचा, ओढणी असेल तर बांधा किंवा काढून ठेवा. केस वर बांधा. केमिकल ओतताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाला. बॅटरीजवळ जाताना अंगठी, धातूच्या बांगड्या, घड्याळ आणि गळ्यातले काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू टेकला तर क्षणात लालबुंद तापतो आणि बोट किंवा गळा भाजतो.

पाणी आणि केमिकल

आधी टाकीत पाणी भरा, मग केमिकल घाला. उलट केले तर फेस होतो आणि घट्ट केमिकल अंगावर उडते. पाणी साधे थंड घ्या. केमिकल कमी फेसाचे, मशीनसाठीचे असावे. घरचा कपडे धुण्याचा साबण चुरा घालू नका. त्याचा फेस घाण टाकीत चढतो, फ्लोटला चुकवतो आणि मोटरमध्ये जातो. मोटर जळते आणि बोल आपल्याला बसतो.

मापाने घाला. बाटलीवर १:१०० लिहिले असेल तर एका लिटरला १० मिलिलिटर, म्हणजे ४० लिटरच्या टाकीला ४०० मिलिलिटर. जास्त घातल्याने फरशी जास्त स्वच्छ होत नाही. ती चिकट आणि निसरडी होते, हातांची कातडी मात्र सोलते.

आता सर्वांत महत्त्वाचे. संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीच किंवा हायपो कधीही एकत्र करू नका. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू निघतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, श्वास कोंडतो आणि बंद खोलीत जीवही जाऊ शकतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेले काच साफ करण्याचे केमिकल मिसळले तरी विषारी वायू होतो. मुद्दाम कोणी मिसळत नाही, पण काल टाकीत एक केमिकल राहिले आणि आज त्यावर दुसरे ओतले, तर तेच घडते. म्हणून केमिकल बदलताना दोन्ही टाक्या साध्या पाण्याने धुऊन घ्या. बिनलेबलच्या बाटलीतले काहीही टाकीत घालू नका. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत केमिकल भरून घरी तर मुळीच आणू नका, ते लहान मुलांच्या हाती लागते.

मशीनने पेट्रोल, थिनर, रॉकेल असे पेट घेणारे काही ओढू नका. मोटरच्या ठिणगीने भडका उडू शकतो.

ब्रश, पॅड आणि स्क्विजी

ब्रश किंवा पॅड लावताना आणि काढताना मशीन बंद, किल्ली बाहेर. वायरीचे मशीन असेल तर प्लग बाहेर. ‘एक सेकंदाचे काम आहे’ म्हणून चालू मशीनखाली हात घालू नका. ब्रशला दोरा, केस किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळली असेल तेव्हाही हाच नियम.

पॅडच्या रंगाला अर्थ असतो. लाल पॅड रोजच्या सफाईचा. हिरवा आणि निळा जास्त घासायचा. काळा सर्वांत खरखरीत, जुने पॉलिश उतरवण्याचा. पांढरा चमक आणण्याचा. रोजच्या फरशीवर काळा पॅड लावला तर फरशीवर ओरखडे पडतात आणि दोष चालवणाऱ्यावर येतो.

स्क्विजीची रबरी पट्टी फाटली नाही ना, तिच्यात खडा किंवा काडी अडकली नाही ना, हे पाहा. मशीन गेल्यावर मागे पाण्याची रेघ राहत असेल तर पट्टीत काहीतरी आहे असे समजा. ती रेघ म्हणजे कोणाचा तरी पाय घसरण्याची जागा.

चालवताना

आधी जागा कोरडी झाडून घ्या. दोन्ही टोकांना ‘ओली फरशी’ची पिवळी पाटी लावा. सर्वांत आतल्या टोकापासून सुरू करून दाराकडे या, म्हणजे आपल्यालाच ओल्या फरशीवरून परतावे लागत नाही. सरळ पट्ट्यांत चाला. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर चार बोटे चढवा. वळणावर थोडे पाणी मागे राहतेच, म्हणून एक सुका मॉप जवळ ठेवा आणि लगेच पुसा. मागे घेताना आधी स्क्विजी उचला.

हँडलची उंची बदलता येत असेल तर कंबरेच्या आसपास ठेवा. कोपर थोडे वाकलेले, पाठ सरळ. मशीन पोटाने किंवा छातीने ढकलू नका. जोर लावावा लागत असेल तर कुठेतरी बिघाड आहे. थांबा आणि सांगा. उतारावर मशीन उभे करून सोडू नका. जिन्यावरून दोघांनी उचलून नेण्याचा प्रयत्न करू नका. भरलेल्या टाकीत ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, आणि मशीनचे वजन वेगळे. सरकत्या जिन्यावर मशीन नेऊ नका. लिफ्टमधून न्यायचे तर टाक्या रिकाम्या करा आणि मशीन बंद ठेवा.

वायरीचे मशीन असेल तर प्लगजवळून सुरू करून दूर जा, म्हणजे वायर मागे राहते आणि ब्रशखाली येत नाही. टेपने जोडलेली वायर, दोन पिनांचा प्लग, ओले हात या तिन्ही गोष्टी टाळा. ज्या सॉकेटला आर.सी.सी.बी. आहे तोच वापरा. विजेची गळती झाली की हे यंत्र वीज तोडते.

काम संपल्यावर

घाण टाकी त्याच दिवशी रिकामी करा. टाकी उचलून ओतू नका. मशीन मोरीजवळ किंवा ड्रेनजवळ न्या, खालचा पाइप सोडा आणि पाणी वाहू द्या. पाइपाचे तोंड उघडताना आपले तोंड बाजूला ठेवा. हातमोजे घालूनच टाकी धुवा आणि झाकण उघडे ठेवून सुकू द्या. बंद टाकीत रात्रभर राहिलेल्या घाण पाण्यात जंतू वाढतात आणि सकाळी वास मारतो. स्क्विजी पुसा आणि ती वर उचलून ठेवा, म्हणजे रबर दबत नाही. शेवटी हात साबणाने धुवा, मगच डबा उघडा.

चार्जिंग

पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि ठिणगी मिळाली की स्फोट होतो. म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर हवी. कपाटासारखी बंद खोली नको. बॅटरीवरचे झाकण किंवा टाकी उघडी ठेवायची असते, ती उचलण्यापूर्वी घाण पाणी काढलेले असावे. तिथे विडी, सिगारेट, अगरबत्ती काही नको. आधी चार्जर बॅटरीला जोडा, मग भिंतीचे बटण चालू करा. काढताना उलट : आधी बटण बंद, मग वायर बाहेर.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते, नळाचे पाणी नाही, ॲसिडही नाही. तेही चार्जिंग झाल्यावर, चष्मा व हातमोजे घालून, आणि शिकवले असेल तरच. सीलबंद बॅटरी उघडायची नसते. प्रत्येक बॅटरीला तिचाच चार्जर लावा. बॅटरी फुगली, तापली किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तिथून दूर व्हा आणि कळवा.

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी

फरशीवर रक्त किंवा उलटी असेल तर त्यावरून मशीन नेऊ नका. मशीन ती घाण सगळ्या वॉर्डभर पसरवते. आधी सिस्टरला सांगा, हायपोने ती जागा निर्जंतुक करून पुसू द्या, मग मशीन. ब्रश आणि स्क्विजी साफ करताना बोटांनी चाचपू नका, कारण त्यात सुई अडकलेली असू शकते आणि रबरी हातमोजा सुई अडवत नाही. आधी डोळ्यांनी बघा, मग चिमट्याने काढा.

सुई टोचलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडाने चोखू नका. लगेच, त्याच पाळीत, डॉक्टरांना सांगा. एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे शक्यतो २ तासांच्या आत सुरू करायची असतात, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ‘कामावरून काढतील’ या भीतीने घरी येऊन झोपू नका. कावीळ ब ची लस तीन डोसांची असते. ती घेतली आहे का, हे आजच विचारा.

काही झालेच तर

डोळ्यात केमिकल किंवा बॅटरीचे ॲसिड गेले तर पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे धुवा आणि थेट दवाखान्यात जा. चोळू नका. दूध, गुलाबपाणी, तूप काही घालू नका. अंगावर सांडले तर भिजलेले कपडे काढून भरपूर पाणी ओता. हळद, टूथपेस्ट लावू नका. वायूने गुदमरायला झाले तर सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, बादली उचलायला कोणी परत आत जाऊ नये. शॉक लागलेल्याला हात लावण्यापूर्वी मेन बंद करा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

पगारातून ई.एस.आय.ची कपात होत असेल तर कामावरच्या दुखापतीसाठी किती महिने कपात झाली, हे पाहिले जात नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो. उपचार मिळतातच. दुखापतीमुळे अपघाताचा दिवस सोडून निदान ३ दिवस काम करता आले नाही, तर त्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी अपघाताची नोंद वहीत झालेली हवी. ‘किरकोळ आहे, लिहू नको’ असे सांगितले तरी नोंदीचा आग्रह धरा. लिहिता येत नसेल तर सोबतच्या ताईला लिहायला सांगा, तारीख आणि वेळ घाला आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मशीनवर उभे राहण्यापूर्वी हे चार प्रश्न शांतपणे विचारा :

१. मला कोण शिकवणार आणि किती वेळ?
२. या बाटलीत काय आहे, तिचे लेबल कुठे आहे, माप किती?
३. हातमोजे, चष्मा, बूट कोण देणार?
४. मशीन बिघडले किंवा मला लागले तर कोणाला सांगायचे?

एकटीने विचारले तर ‘फार बोलते’ असे म्हणतात. पाळीतल्या सगळ्यांनी मिळून विचारले तर उत्तर द्यावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या साफसफाईचे काम आपल्याच लोकांच्या वाट्याला आले आणि त्यातली दुखणीही आपण गप्प राहून सोसली. हातात झाडूऐवजी मशीन आले, तेव्हा मशीनसोबत त्याचे शिक्षणही मिळायला हवे.

या महिन्यात विहारात महिला मंडळाची बैठक असेल तेव्हा हा पाठ मोठ्याने वाचा. जे भाऊ-बहिणी हे मशीन चालवतात, त्यांना पुढे बसवा आणि त्यांच्या कामावर यातले काय होते आणि काय होत नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐका. जे होत नाही त्याची एक यादी करा. ठेकेदाराकडे जाताना ती यादी हातात असू द्या.