बरोबरीचा डाव ताणावा का?

प्रश्न : माझ्या मुलीकडे फक्त हत्ती उरला होता, प्रतिस्पर्ध्याकडे हत्ती आणि उंट. बरोबरी नाकारून तो खेळत राहिला. हे अखिलाडूपणाचे नाही का?

उत्तर : मुळीच नाही. हा शेवट शास्त्राने बरोबरीचा असला, तरी पटावर बचाव फार अवघड असतो आणि ग्रँडमास्टरही त्यात हरले आहेत. 2021 मध्ये दुबईतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव आठवा. कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी. नेपोम्नियाचीकडे एकटा वजीर. संगणकाच्या लेखी बरोबरी. पण पावणेआठ तास खेळून थकलेल्या नेपोम्नियाचीने 130व्या चालीला वजीर चुकीच्या घरात नेला आणि 136व्या चालीला डाव सोडला.

दोन्हीकडे नुसते हत्ती असताना केवळ घड्याळावर जिंकायला धावणे मलाही आवडत नाही. तुमच्या मुलीचा डाव तसा नव्हता.

तिला चाली नीट लिहायला सांगा. मोहरे न मारता, प्यादे न हलवता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या, की पंचांकडे बरोबरी मागता येते. आणि दुसऱ्या पट्टीवरचा बचाव तिच्याकडून घोटून घ्या. राजा कोपऱ्यात अडकू देऊ नका.