ओढ्यावरच्या नोंदी

चि. सायली,


कुंभीच्या खोऱ्यातल्या ओढ्यावर तू निरीक्षक म्हणून रुजू झालीस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर एकच विचारत असतं, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे पोरासोरांनाही पाठ आहे. पण पंचगंगा फुगते ती असल्याच ओढ्यांच्या पाण्यावर, आणि तिथं तू काय लिहितेस ते बघायला कुणी येत नाही. म्हणून तिथला माणूस नेकीचा लागतो.

साडेआठ म्हणजे साडेआठ. देशभर पर्जन्यमापक सकाळी त्याच वेळी वाचतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस वाचनाच्या तारखेला लिहितात. मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या प्रलयाचे सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ तारखेच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांचे आहेत. तेवढ्याच वेळात कुलाब्याला ७३. एका शहरात ही तऱ्हा, मग गगनबावड्याचा आकडा ऐकून आपल्या ओढ्यावर किती पडला असेल हे कुणी कसं सांगावं? ते तूच सांगायचं.

मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. त्याला १०० चौरस सेंटिमीटरच्या मापकाचं मोजपात्र लावलंस तर पाऊस कागदावर दुप्पट होईल, तेव्हा पात्रावरचा आकडा आधी ताडून घे. वाचताना पात्र सपाट जागी ठेव, डोळा पाण्याच्या रेषेत आण. पाणी काचेच्या कडेनं किंचित वर चढलेलं दिसतं. ते सोडून मधल्या खोलगट भागाचा तळ वाच. रात्रभर कोसळत असेल तर मापकातली बाटली भरायच्या आत मोजून रिकामी कर, वेळ टाकून लिही, सकाळी बेरीज कर.

पाऊस पडला नाही तर शून्य लिही. मोजायचा राहिला, तर ‘नोंद नाही’ लिही. या दोन गोष्टींची गल्लत कधी करू नकोस, आणि शेजारच्या गावाचा आकडा विचारून रकाना भरू नकोस. ‘नोंद नाही’ लिहिलेला रकाना पुढच्या अभ्यासकाला समजतो. मनानं भरलेला खऱ्यात मिसळून जातो आणि पुन्हा कुणालाच वेगळा काढता येत नाही. वहीत खाडाखोडही नको. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिही, जुना वाचता आला पाहिजे.

ओढ्यातल्या पाण्याची उंची मोजायच्या पट्टीचं काम याहून नाजूक. पाणी हेलकावत असतं, म्हणून थोडा वेळ थांबून वरचा आणि खालचा आकडा बघ आणि मधला घे. पट्टीला गवत, काटक्या अडकल्या असतील तर तिथं पाणी उगाच चढलेलं दिसतं. नदीला पूर दिवसदिवस राहतो, ओढा मात्र दोनतीन तासांत चढून उतरतो आणि सकाळ-संध्याकाळच्या वाचनात त्याचा माथा निसटतो. पाऊस जोरात लागला की तासातासाला वाच. तरीही हुकलाच, तर उजाडल्यावर काठाच्या झाडांवर गाळाची रेघ आणि अडकलेला पालापाचोळा कुठवर आहे ते बघ, पट्टीच्या मापात उतरव आणि ‘खुणेवरून’ असा शेरा मार.

पट्टी फक्त उंची सांगते. त्या उंचीला किती पाणी वाहतं, हे प्रवाहाचा वेग आणि ओढ्याचा छेद मोजून ठरवलेलं असतं. खालच्या अंगाला कुणी बांध घातला, वाळू उपसली, पुरानं गाळ टाकला, की तो हिशेब बदलतो. असं काही दिसलं की त्याच दिवशी तारखेसह लिहून वर कळव. पुरानंतर पट्टी हललेली नाही ना, शून्य जागेवर आहे ना, तेही ठरलेल्या पक्क्या खुणेवरून तपासून घ्यायला सांग.

पाऊस मोजणारं स्वयंचलित यंत्र बसवलंय म्हणून हातानं मोजणं सोडू नकोस. त्याच्या नरसाळ्यात एक पान अडकलं तरी ते भर पावसात शून्य दाखवतं. ते चुकतंय हे तुझ्या वहीवरूनच कळेल.

आणि पूर असताना पाण्यात पाय घालायचा नाही. पट्टी काठावरून दिसत नसेल तर वाचन राहू दे, तसं लिही. मोजपात्राला तडा गेलाय म्हणत होतीस, ते मृगाच्या आत बदलून माग. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा